मानवणारे काम

मराठीत ‘मानवणे’ हे एक फार सोयीचे क्रियापद आहे. कुणाला देशावरचे पाणी मानवत नाही, कुणाला दूध मानवत नाही, कुणाला मुंबईची दमट हवा छान मानवते. हा शब्द आपण नेहमी अनुभवानंतर वापरतो. गावात पाऊल टाकण्यापूर्वीच ‘तिथली हवा मला मानवते’ असे कुणी म्हणत नाही. एखादा पावसाळा काढल्यावर माणूस तसे सांगतो. कामधंद्याच्या बाबतीत मात्र आपण हा क्रम उलटा करतो. जे काम मुलाने एक दिवसही केलेले नाही, ते त्याला जन्मभर मानवेल की नाही, हे त्याने दहावीच्या निकालानंतरच्या पंधरवड्यात सांगावे, अशी आपली अपेक्षा असते.

गेली बावीस वर्षे मी शालेय समुपदेशक म्हणून काम करते आहे. निकाल लागला की आईवडील मुलाला घेऊन येतात आणि विचारतात, “मॅडम, याच्यासाठी काय योग्य राहील?” मुलगा बहुधा खिडकीबाहेर बघत असतो. या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर शोधण्याचा प्रयत्न जगात शंभरहून अधिक वर्षे चालू आहे. त्यातून काय हाती लागले, त्यातले किती भरवशाचे आणि आपल्या घरांमध्ये त्याचा उपयोग कसा करता येईल, हे मांडण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

प्रश्नच मुळात नवा

‘मला कोणते काम मानवेल?’ हा प्रश्न आपल्या समाजात फार जुना नाही. बलुतेदारीच्या व्यवस्थेत तो विचारण्याची सोयच नव्हती. सुताराचा मुलगा वासला हाती घेणार आणि कुंभाराचा मुलगा चाकावर बसणार, हे जन्मालाच ठरलेले असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनाविषयीच्या निबंधात या व्यवस्थेवर जी टीका केली, तिच्यात व्यवसाय-मानसशास्त्राचे एक मूलभूत सूत्र दडलेले आहे. जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यांचा मुद्दा सर्वांना ठाऊक असतो. त्याला जोडूनच ते म्हणतात, की ही विभागणी माणसाच्या उपजत कलावर किंवा निवडीवर आधारलेली नाही; आणि ज्या कामात माणसाचे मनही नाही आणि बुद्धीही नाही, त्या कामात कार्यक्षमता येणार कुठून? उद्योग बदलतात तेव्हा माणसाला धंदा बदलता आला पाहिजे, नाहीतर बेकारी वाढते, हेही ते तिथेच सांगतात.

स्त्रियांच्या बाबतीत हे दार आणखी उशिरा उघडले. कमला सोहोनी (तेव्हाच्या कमला भागवत) १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनासाठी गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला होता. त्या मागे हटल्या नाहीत, अटी मान्य करून राहिल्या आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवून परतल्या. त्यांचा कल कुठे आहे याविषयी शंका कुणालाच नव्हती. अडचण दाराशी होती. म्हणून समोरच्या मुलीला मी जेव्हा ‘तुला काय करावेसे वाटते?’ असे विचारते, तेव्हा त्या साध्या प्रश्नामागे बराच झगडा उभा आहे, याची मला आठवण असते.

बॉस्टनमधील एक कचेरी

व्यवसाय मार्गदर्शनाची शास्त्रशुद्ध सुरुवात साधारणपणे फ्रँक पार्सन्स या अमेरिकन गृहस्थांपासून मानली जाते. हे स्वतः इंजिनिअरिंग शिकले, मग वकील झाले, शिक्षकही होते. १९०८ साली त्यांनी बॉस्टनमध्ये तरुणांना धंदा निवडायला मदत करणारी एक कचेरी उघडली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि त्यांचे पुस्तक पुढच्या वर्षी, १९०९ मध्ये निघाले. त्यांचे सूत्र तीन पायऱ्यांचे होते. पहिली, स्वतःला नीट ओळखा. दुसरी, कामांची नीट माहिती घ्या. त्यात काय लागते, काय मिळते, पुढे वाव किती. तिसरी, या दोहोंची सांगड विचारपूर्वक घाला. आजही जगातले बहुतेक मार्गदर्शन याच तीन पायऱ्यांवर चालते. आपल्या भाषेत सांगायचे तर ही पत्रिका जुळवण्याची पद्धत आहे: एक पत्रिका माणसाची, दुसरी कामाची आणि गुण किती जमतात ते पाहायचे.

पार्सन्सना माणसाची पत्रिका मांडण्याचे साधन मात्र नव्हते. ते एडवर्ड स्ट्राँग या मानसशास्त्रज्ञाने १९२७ साली दिले. त्याची युक्ती मोठी चतुर होती. ‘तुला इंजिनिअर व्हायचे आहे का?’ असे त्याने थेट विचारले नाही. शेकडो बारीकसारीक गोष्टी आवडतात की नाही, एवढेच विचारले आणि ती उत्तरे त्या त्या धंद्यात आधीच रुळलेल्या माणसांच्या उत्तरांशी ताडून पाहिली. तुमच्या आवडीनिवडी मुरलेल्या इंजिनिअरांसारख्या असतील, तर त्या मंडळींत तुम्ही रमण्याची शक्यता जास्त.

पुढे जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये या साऱ्याला एक सुटसुटीत चौकट दिली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती होणाऱ्यांच्या मुलाखती घेताना त्यांच्या लक्षात आले, की माणसांचे कामाचे पूर्वेतिहास ठरावीक घाटांत बसतात. त्यातून त्यांनी सहा प्रकार मांडले. पहिला हातांनी, अवजारांनी, यंत्रांनी काम करणाऱ्यांचा: फिटर, वायरमन, शेतकरी. दुसरा शोधक वृत्तीचा: प्रयोगशाळेत रमणारा, ‘असे का?’ विचारणारा. तिसरा कलावंतांचा. चौथा माणसांत रमणाऱ्यांचा: शिक्षिका, परिचारिका, आशा सेविका. पाचवा इतरांना पटवणाऱ्या, पुढाकार घेणाऱ्यांचा: दुकानदार, वकील, पुढारी. सहावा व्यवस्थेची आवड असणाऱ्यांचा: ज्याची वही नेटकी आणि हिशेब चोख. कुणीही माणूस एकाच कप्प्यात बसत नाही. दोन-तीन प्रकारांचे मिश्रण असते. आज जगभर ज्या आवड-चाचण्या दिल्या जातात, त्यांतल्या कितीतरी या सहा प्रकारांवर उभ्या आहेत.

छत्तीस गुण जुळले तरी

आता खरा प्रश्न. पत्रिका जुळली, तर माणूस कामात सुखी होतो का?

हा प्रश्न संशोधकांनी पुन्हा पुन्हा तपासला आहे. २०२० साली केविन हॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागच्या सुमारे पासष्ट वर्षांतल्या शंभरांवर अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. आवड व काम यांचा मेळ आणि कामातले समाधान यांच्यातला सहसंबंध त्यांना सुमारे ०.१९ आढळला. सहसंबंध शून्य असेल तर दोन गोष्टींचा मेळ नाही आणि एक असेल तर पूर्ण मेळ. ०.१९ चा वर्ग केला, की साधारण ०.०४ येतो. म्हणजे माणसामाणसांच्या समाधानात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम चार टक्के भाग या जुळणीशी जोडता येतो. उरलेले शहाण्णव टक्के इतरत्र आहेत.

याचा अर्थ आवड बिनमहत्त्वाची असा करू नये. मेळ असेल तर माणूस त्या शिक्षणात आणि कामात टिकतो, त्याची कामगिरीही सुधारते आणि हा संबंध समाधानाशी असलेल्या संबंधापेक्षा अधिक ठळक आहे, असे इतर अभ्यास सांगतात. आवडीमुळे माणूस नेटाने शिकतो, चुका झाल्या तरी पुन्हा बसतो. पण रोज सकाळी कामावर जाताना पाय जड होतात की हलके, हे ठरवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि आवड ही त्यांतली एक आहे.

दुसरा मुद्दा वयाचा. आवडीनिवडी किती टिकाऊ असतात, हे पाहणाऱ्या दीर्घकालीन अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००५ मध्ये झाले. त्यात असे दिसले, की आवडी आपण समजतो त्यापेक्षा बऱ्याच स्थिर असतात. मात्र ही स्थिरता शाळकरी वयात कमी असते आणि अठरा ते बावीस या वयात ठळकपणे वाढते. आपल्याकडे शाखा निवडायची असते पंधराव्या-सोळाव्या वर्षी, म्हणजे नेमकी त्याआधी. २०१६ पासून काही वर्षे आपल्या राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रे त्यात होती. तो चांगला प्रयत्न होता, कारण कित्येक घरांत या विषयावरचे बोलणे त्या कागदामुळे पहिल्यांदा सुरू झाले. पण त्या वयातला कल हा वाऱ्याची दिशा सांगतो, मुक्कामाचे गाव सांगत नाही. अहवाल बोलण्याची सुरुवात म्हणून वाचावा, निकाल म्हणून वाचू नये.

चाचण्यांचेही प्रकार असतात आणि पालकांची गल्लत तिथे होते. अभिक्षमता चाचणी ‘काय जमेल’ हे सांगते, अभिरुची चाचणी ‘काय आवडेल’ हे सांगते आणि व्यक्तिमत्त्व चाचणी स्वभावाचा अंदाज देते. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेने मानसशास्त्रीय चाचण्यांचे काम आपल्याकडे पद्धतशीरपणे केले आहे. अशा चाचण्यांचा अर्थ प्रशिक्षित माणसाकडून, समोरासमोर बसून लावून घ्यावा.

बोटांच्या ठशांवरून बुद्धीचा प्रकार आणि करिअर सांगणाऱ्या चाचण्यांची गोष्ट वेगळी. हजारो रुपये घेऊन रंगीत अहवाल दिला जातो आणि पालक म्हणतात, “अगदी बरोबर लिहिलंय हो!” इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने या चाचणीला वैज्ञानिक आधार नसल्याचे स्पष्ट केले आहे. मग अहवाल बरोबर का वाटतो? याचे उत्तर बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये दिले. त्याने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून व्यक्तिचित्र दिले. ते किती जुळते, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. नंतर कळले, की सर्वांना एकच मजकूर दिला होता आणि तोही भविष्याच्या पुस्तकातून जमवलेला! ‘तुमच्यात क्षमता आहे, पण तिचा पूर्ण उपयोग होत नाही’ हे वाक्य कुणाला लागू पडत नाही?

काम आतून कसे असते

मग उरलेले समाधान कुठे असते? बरेचसे कामाच्या रचनेत. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात यावर जे काम केले, ते मला पालकांसाठी सर्वांत उपयोगी वाटते. पाच गोष्टी पाहा, असे ते सांगतात. कामात निरनिराळी कौशल्ये लागतात का? एखादी गोष्ट पहिल्यापासून शेवटापर्यंत आपल्या हातून पूर्ण होते का? तिचा कुणाला उपयोग होतो का? ती कशी करायची, हे ठरवण्याची मोकळीक आहे का? आणि काम बरे झाले की वाईट, हे आपल्याला कळते का?

या पाच प्रश्नांची चाळणी लावली, की पदनामांची प्रतिष्ठा बाजूला पडते. एखादा कुशल गाडीदुरुस्तीवाला पाहा. रोज नवा बिघाड, निदान त्याचेच, दुरुस्ती त्याचीच आणि गाडी सुरू झाली की निकाल तिथल्या तिथे. पाचही प्रश्नांना होकार. दुसरीकडे मोठ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून लागलेला तरुण एखाद्या अवाढव्य प्रणालीचा एवढासा तुकडा वर्षानुवर्षे सांभाळत असेल, तर पगार चांगला असूनही पाचांपैकी तीन उत्तरे नकारार्थी येऊ शकतात. ‘इंजिनिअरिंग मानवत नाही’ असे सांगत माझ्याकडे येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना इंजिनिअरिंग मानवते. ती विशिष्ट खुर्ची मानवत नाही. हा फरक कळला, तर सगळे सोडून देण्याऐवजी खाते बदलून किंवा छोट्या कंपनीत जाऊनही प्रश्न सुटतो.

एमी व्रेझ्निएव्स्की या संशोधिकेने याच्याही पुढचा मुद्दा दाखवला. १९९७ च्या अभ्यासात तिने कामाकडे पाहण्याच्या तीन दृष्टी मांडल्या: पोटापुरती नोकरी, चढत जाण्याची शिडी आणि जीवितकार्य. तिच्या पाहणीतल्या कार्यालयीन साहाय्यकांचा गट लहान होता, पण सारखेच काम करणारी ती माणसे या तीन दृष्टींत जवळजवळ समसमान विभागलेली निघाली. पुढे रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांबद्दल तिने आणि जेन डटन यांनी लिहिले. काही जण नेमून दिलेली झाडलोट करत. काही जण स्वतःला रुग्ण बरा करणाऱ्या चमूचा भाग समजत, रुग्णांशी बोलत, त्यांची सोय पाहून कामाची वेळ ठरवत. काम तेच, पण त्यांनी ते आतून बदलून घेतले होते. या संशोधनाचा वापर ‘मिळेल त्यात समाधान माना’ असे सांगण्यासाठी मात्र होता कामा नये. अपुरा पगार आणि अपमानास्पद वागणूक नुसत्या दृष्टीने बदलत नाही.

आवड सापडते की घडते?

‘आपली आवड शोधा’ हा उपदेश हल्ली प्रत्येक करिअर मेळाव्यात ऐकू येतो. जणू आवड कुठेतरी पुरून ठेवलेला हंडा आहे. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ मध्ये या समजुतीचाच अभ्यास केला. आवड तयार सापडते असे मानणारे लोक आपल्या क्षेत्राबाहेरच्या विषयांत कमी रस घेतात आणि आवडीचा विषय अवघड होऊ लागला, की त्यांचा उत्साह लवकर ओसरतो, असे त्यांना आढळले. ‘खरी आवड असती तर जड गेले नसते’ असा त्यांचा ग्रह होतो. आवड हळूहळू वाढते असे मानणारे तुलनेने टिकून राहतात.

आपल्याकडचे उदाहरण डॉ. श्रीराम लागू यांचे. त्यांनी बेचाळिशीत, १९६९ साली, कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियेचा व्यवसाय सोडून रंगभूमीला वाहून घेतले, ही गोष्ट भाषणांतून नेहमी ‘मनाचे ऐका’ या उपदेशासाठी सांगितली जाते. त्यातला मधला भाग गाळला जातो. वैद्यकीय महाविद्यालयात असल्यापासून ते नाटकात काम करत होते. पुण्यात भालबा केळकरांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये त्यांनी डॉक्टरी सांभाळून वर्षानुवर्षे नाटके केली. नोकरीनिमित्त आफ्रिकेतही राहून आले. उडी घेतली तेव्हा पाण्याची खोली त्यांना पुरती ठाऊक होती. रंगभूमी आपल्याला मानवते, हे ते अनुभवाने सांगू शकत होते.

अमेरिकन समुपदेशक जॉन क्रम्बोल्ट्झ यांनी १९९९ मध्ये मांडलेला ‘नियोजित योगायोगा’चा विचार याला जोडून येतो. बहुतेकांच्या वाटचालीत योगायोगाचा वाटा मोठा असतो. म्हणून एकच लक्ष्य ठरवून डोळ्यांना झापडे लावण्यापेक्षा योगायोग घडतील अशा जागी जात राहावे, असे ते सांगतात.

मंगळवारचा प्रश्न

या साऱ्या संशोधनातून मी माझ्यापुरत्या चार गोष्टी उचलल्या आहेत.

पहिली, मंगळवारचा प्रश्न. ज्या क्षेत्रात जायचे आहे, तिथल्या माणसाला भेटून विचारायचे, “मागच्या मंगळवारी तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत?” सत्काराचा दिवस नको, साधा मंगळवार हवा. वकिलाचा अर्धा दिवस पुकारा होण्याची वाट पाहण्यात जातो आणि शिक्षकाची संध्याकाळ माहिती भरण्यात, हे अशाच वेळी कळते.

दुसरी, थोडे दिवस प्रत्यक्ष काम. कुत्री आवडतात म्हणून पशुवैद्य व्हायचे ठरवलेल्या दोघांना मी एका सुट्टीत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवले. तिथे कुत्री कमी, गायीम्हशी जास्त. शेण, चिखल आणि अडलेली म्हैस सोडवायला रात्री-अपरात्री जाणे. मुलाने तिसऱ्या दिवसापासून जाणे बंद केले. मुलगी पंधरा दिवस गेली आणि परत आल्यावर तिने प्रवेश परीक्षेची तारीख विचारली. दोघांचाही फायदाच झाला.

तिसरी, त्रासाची निवड. ‘काय आवडते?’ यापेक्षा ‘कोणता त्रास सोसवेल?’ या प्रश्नाला मुले खरे उत्तर देतात. प्रत्येक धंद्याचा त्रास ठरलेला असतो: दुकानदाराला गिऱ्हाईक, लेखापालाला मार्चअखेर, परिचारिकेला रात्रपाळी.

चौथी, परतीची वाट. शास्त्र शाखेतून पुढे कला किंवा वाणिज्याकडे वळता येते, उलट वळणे फार अवघड. म्हणून आईवडील शास्त्र शाखेचा आग्रह धरतात आणि त्यात तथ्य आहे. पण ज्या मुलाला गणिताने रडवले आहे, त्याला त्या वाटेने धाडले तर दोन वर्षे आणि आत्मविश्वास दोन्ही जातात. दहावीनंतर डिप्लोमा केला तर पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते आणि आयटीआयवाल्यांना डिप्लोमाकडे जाता येते, हे कित्येक घरांत ठाऊकच नसते. स्पर्धा परीक्षांचे गणित याच्या उलट. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे आहे. दार इतकी वर्षे उघडे राहते, म्हणूनच निघायचे कधी, हे परीक्षार्थीला कळत नाही. प्रयत्न किती करायचे आणि कोणत्या वर्षी थांबायचे, हे पहिल्या प्रयत्नाआधी, डोके शांत असताना, घरच्यांसमोर लिहून ठेवावे. चार-पाच वर्षे गेल्यावर ‘एवढे केले, आता कसे सोडू?’ हा विचार माणसाला बांधून घालतो.

या चारही गोष्टींना पैसा लागतो, निदान वेळ तरी. घरात कमावते हात कमी असतील, तर मुलाला चाचपडायला अवधी मिळत नाही. त्याला पहिली मिळेल ती नोकरी धरावी लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ ही योजना आणली, ती गरीब मुलांच्या शिक्षणासाठी. पण कामाला प्रत्यक्ष हात लावून पाहण्याची संधीही तिच्यात होती. आज प्रत्येक तालुक्यात सुट्टीतल्या पंधरा दिवसांच्या उमेदवारीची सोय शाळांनी, ग्रामपंचायतींनी आणि स्थानिक व्यावसायिकांनी मिळून केली, तर ती कोणत्याही रंगीत अहवालापेक्षा मोलाची ठरेल. दवाखाना, गॅरेज, बँक, रोपवाटिका, छापखाना प्रत्येक गावाच्या आसपास असतात. मुले तिथे जात नाहीत, कारण त्यांना कुणी पाठवत नाही.

आईवडिलांना मी शेवटी एवढेच सांगते, की पहिली निवड चुकणार नाही याची हमी कुठलीही चाचणी देत नाही. तुम्ही मात्र दुसऱ्या निवडीची सोय ठेवू शकता. सगळी शिल्लक पहिल्याच प्रवेशात घालू नका आणि मुलाने दोन वर्षांनी ‘हे मला मानवत नाही’ असे सांगितले, तर ते ऐकून घ्यायला घरात जागा ठेवा. आपल्या आजोबा-पणजोबांना तसे म्हणण्याची मुभा नव्हती.